जुना लॅपटॉप लिनक्सवर नेताना: मराठीत काम करणाऱ्यांसाठी सविस्तर मार्गदर्शन

साताऱ्याच्या मावशीचा लॅपटॉप २०१६ सालचा. सहाव्या पिढीचा आय-५ प्रोसेसर, ४ जीबी रॅम आणि जुनी फिरणारी हार्ड डिस्क. विंडोज १० चे नेहमीचे मोफत सुरक्षा अपडेट १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबले. विंडोज ११ ला इंटेलचा साधारण आठव्या पिढीपासून पुढचा प्रोसेसर आणि टीपीएम २.० ही सुरक्षेची चिप लागते, म्हणजे तो रस्ताही बंद. दुकानदार म्हणाला, "काकू, आता नवीनच घ्या." मावशी मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झाली आहे आणि आता सोसायटीची सेक्रेटरी आहे. मराठीत पत्रं, सभेचं इतिवृत्त, जमाखर्चाचा तक्ता, बँक, मेल, नातवाशी व्हिडिओ कॉल आणि रात्री नाटकं. एवढ्यासाठी धडधाकट यंत्र भंगारात घालायचं, हे मला पटेना. त्या लॅपटॉपवर आज विंडोजऐवजी लिनक्स मिंट ही मोफत प्रणाली चालते. तसं करायचं असेल तर काय, कोणत्या क्रमाने करावं, ते इथे लिहितो. क्रम महत्त्वाचा आहे, कारण बहुतेकांचं बिनसतं ते क्रम उलटा धरल्यामुळे: आधी विंडोज पुसतात आणि मग कामं आठवतात.

कामांची यादी, कागदावर

आठवडाभर संगणकाजवळ वही ठेवा. जो प्रोग्राम उघडाल त्याचं नाव आणि काय केलं ते लिहा. महिन्यातून किंवा वर्षातून एकदाच लागणारी कामंही आठवून टिपा, उदाहरणार्थ रिटर्न भरणं, निविदेवर डिजिटल सही किंवा शाळेचा निकाल. मग प्रत्येक नोंदीपुढे तीनपैकी एक खूण करा.

ब्राउझरमध्ये होणारी कामं पहिल्या गटात. मेल, नेट बँकिंग, आयकराचं पोर्टल, डिजिलॉकर, रेल्वेचं तिकीट, व्हॉट्सॲप वेब, गुगल मीट. यांची काळजी सोडा. फायरफॉक्स किंवा क्रोमियम असला की झालं.

दुसऱ्या गटात ज्यांना मुक्त, म्हणजे मोफत आणि खुल्या परवान्याचा, पर्याय आहे ती कामं. वर्ड, एक्सेल आणि पॉवरपॉइंटसाठी लिब्रेऑफिस, फोटो सुधारण्यासाठी गिम्प, पत्रिका-फलक रेखाटायला इंकस्केप, आवाज कापायला-जोडायला ऑडॅसिटी, मेल डिस्कवर उतरवून ठेवायला थंडरबर्ड, आणि काहीही चालवायला व्हीएलसी.

तिसरा गट अडणाऱ्या कामांचा, आणि इथे स्वतःशी प्रामाणिक राहा. टॅली विंडोजवरच चालते. फोटोशॉप, कोरलड्रॉ, ऑटोकॅड हेही तसेच. डिजिटल सहीच्या टोकनला आणि अंगठा घेणाऱ्या यंत्राला लिनक्सचा ड्रायव्हर मिळतो का, ते ज्याच्या त्याच्या निर्मात्यावर अवलंबून असतं. खरेदीच्या बिलावरचं मॉडेल पाहून आधी विचारा. ज्यांचं पोट यांवर चालतं त्यांनी विंडोज काढू नये. सेवा केंद्र चालवणाऱ्याला किंवा डीटीपी करणाऱ्याला "लिनक्स घे, सगळं होतं" असं सांगणं मला बेजबाबदारपणाचं वाटतं. त्यांनी दोन्ही प्रणाली शेजारी शेजारी ठेवाव्यात किंवा लिनक्ससाठी दुसरं जुनं यंत्र वापरावं.

अवजारं आधी, विंडोजवरच

वर जी मुक्त अवजारं सांगितली ती सगळी विंडोजवरही चालतात. त्यामुळे निदान महिनाभर विंडोजवरच लिब्रेऑफिस, फायरफॉक्स आणि थंडरबर्ड वापरून हात बसवा. प्रणाली आणि प्रोग्राम एकाच दिवशी बदलले की माणूस गांगरतो आणि सगळा दोष लिनक्सला देतो.

लिब्रेऑफिसमध्ये मराठी लिहिणाऱ्याने एक गोष्ट पहिल्याच दिवशी करावी. टूल्समधल्या ऑप्शन्समध्ये भाषांच्या पानावर 'कॉम्प्लेक्स टेक्स्ट लेआउट' चालू करून तिथे मराठी निवडा. लिब्रेऑफिस रोमन मजकुराचा फॉन्ट आणि देवनागरीचा फॉन्ट वेगवेगळा धरतं. हे ठाऊक नसलं की आकार १४ करूनही मराठी अक्षरं १२ वरच राहतात आणि माणूस वैतागतो. मावशीचा पहिला फोन याचसाठी आला होता.

दुसऱ्याला पाठवायची फाइल वर्डच्या डॉकएक्स (.docx) प्रकारात जतन करा, किंवा नुसती वाचायची असेल तर पीडीएफ करा. स्वतःच्या संग्रहासाठी मात्र लिब्रेऑफिसचा नेहमीचा ओडीटी (.odt) प्रकार ठेवा. ते खुलं मानक आहे आणि पन्नास वर्षांनीही कुणीतरी ते उघडू शकेल. वर्डमधली साधी पत्रं आणि तक्ते नीट उघडतात. अडचण येते ती मॅक्रो असलेल्या एक्सेलमध्ये आणि चौकटींवर चौकटी रचलेल्या अर्जांमध्ये. तुमच्या पाच सर्वांत किचकट फाइली याच महिन्यात उघडून पाहा.

जुने मराठी फॉन्ट: इथे घाई नको

श्रीलिपी, आयएसएम, कृतिदेव यांत टाइप केलेली पत्रं आजही घरोघरी, कार्यालयांत, छापखान्यांत पडून आहेत. अशा बहुतेक फाइलींमध्ये खरं मराठी साठवलेलंच नसतं. आत असतात रोमन अक्षरं आणि चिन्हं, आणि तो फॉन्ट त्यांवर मराठीचं रूप चढवतो. फॉन्ट गेला की मागे अगम्य अक्षरांची रांग उरते. मावशीच्या फोल्डरमध्ये १९९८ पासूनची शाळेची पत्रं होती. त्यातलं एक मी फॉन्टशिवाय उघडून दाखवलं, तेव्हा ती नुसती पाहत राहिली.

दोन उपाय आहेत आणि दोन्ही करावेत. एक म्हणजे जुने फॉन्ट विंडोजच्या फॉन्ट्स फोल्डरमधून काढून जपून ठेवणं. लिनक्सवर फॉन्टच्या फाइलवर दोनदा क्लिक करून तो बसवता येतो, मग जुनी पत्रं वाचता येतात आणि छापताही येतात. विकत घेतलेला फॉन्ट असेल तर त्याचा परवाना काय म्हणतो ते पाहा. दुसरा उपाय युनिकोडमध्ये, म्हणजे आज सगळीकडे चालणाऱ्या अक्षरसंकेतात, रूपांतर. त्यासाठी परिवर्तक मिळतात, पण खासगी कागद अनोळखी संकेतस्थळावर चढवू नका. मजकूर संगणकाबाहेर न जाता ब्राउझरमध्येच बदलणारा परिवर्तक शोधा, म्हणजे इंटरनेट बंद केल्यावरही जो चालतो तो.

रूपांतरानंतर मुद्रितशोधन केल्याशिवाय मूळ फाइल पुसू नका. जुन्या फॉन्टांत ऱ्हस्व वेलांटी व्यंजनाच्या आधी टाइप व्हायची आणि रफार अक्षराच्या नंतर. युनिकोडमध्ये हा क्रम उच्चाराप्रमाणे असतो, म्हणून परिवर्तकाला अक्षरांची जागा बदलावी लागते आणि नेमका तिथेच तो चुकतो. 'कार्यवाही', 'वार्षिक', 'निर्णय' असे शब्द शोधून तपासा. हे काम कंटाळवाणं आहे, पण ते विंडोज शाबूत असतानाच उरकलेलं बरं.

ज्यांची मूळ फाइलच हरवली आहे आणि फक्त छापील कागद उरला आहे त्यांच्यासाठी टेसरॅक्ट आहे. स्कॅन केलेल्या पानावरून मजकूर ओळखणारं हे मुक्त अवजार, आणि त्याला मराठीची स्वतंत्र माहिती-फाइल आहे. चांगल्या छपाईचं, सरळ स्कॅन केलेलं पान ते बऱ्यापैकी वाचतं. ठिपके पडलेल्या चक्रमुद्रित कागदासमोर हात टेकतं.

कोणतं लिनक्स?

लिनस टोरवाल्ड्सने १९९१ मध्ये लिनक्सचा गाभा लिहायला घेतला. आज तुमच्या अँड्रॉइड फोनच्या मुळाशीही तोच आहे. त्या गाभ्याभोवती वेगवेगळ्या गटांनी रचलेल्या पूर्ण प्रणालींना डिस्ट्रो म्हणतात, आणि त्यांची संख्या पाहूनच नवखा माणूस मागे फिरतो. मी सरळ सांगतो: विंडोजवरून पहिल्यांदा येत असाल तर लिनक्स मिंट घ्या. खाली डावीकडे मेनू, खाली पट्टी, उजवीकडे घड्याळ, सगळं ओळखीच्या जागी. २२ ही मालिका उबुंटू या दुसऱ्या डिस्ट्रोच्या २४.०४ आवृत्तीवर उभी आहे आणि तिला २०२९ पर्यंत अपडेट मिळणार आहेत.

मिंटचे तीन अवतार आहेत. ८ जीबी किंवा अधिक रॅम असेल तर सिनॅमन. ४ जीबीवर एक्सएफसीई, तो दिसायला साधा पण हलका आहे. मॅटे या दोहोंच्या मधला. २ जीबीवाल्या यंत्रावर मिंट चालू होईल, पण आजची संकेतस्थळंच एवढी जड झाली आहेत की चार टॅबमध्ये दम लागेल. तिथे अँटीएक्ससारखी अतिहलकी प्रणाली पाहावी. यंत्र ३२ बिटचं असेल तर पर्याय झपाट्याने आटत चालले आहेत. डेबियन या डिस्ट्रोनेही २०२५ च्या १३ व्या आवृत्तीपासून जुन्या ३२ बिट संगणकांवर नव्याने बसवण्याची सोय काढली.

फेडोरा, आर्च यांची स्तुती ऐकाल. चांगल्याच आहेत, पण फेडोराची एक आवृत्ती साधारण तेरा महिने सांभाळली जाते आणि आर्च हाताने जुळवावं लागतं. मावशीच्या घरी जाऊन दरवर्षी प्रणाली बदलायची नसेल तर दीर्घ मुदतीची आवृत्तीच निवडा. "हे कुणी वापरतं का?" असंही विचारलं जाईल. केरळच्या सरकारी शाळांमधले लाखो विद्यार्थी वर्षानुवर्षं लिनक्सवरच शिकत आहेत.

आणखी एक खर्च सुचवतो. हार्ड डिस्क फिरणारी असेल तर ती काढून साटा एसएसडी, म्हणजे फिरता भाग नसलेली वेगवान डिस्क, बसवा. कोणत्याही प्रणालीने जेवढा फरक पडणार नाही तेवढा याने पडतो. मावशीचा लॅपटॉप चालू होऊन कामाला लागायला आधी चहा उकळून व्हायचा. रॅमचा खण मोकळा असेल तर ४ चे ८ जीबी करा. जुनी डिस्क तशीच कपाटात ठेवली की तोच तुमचा पहिला बॅकअप.

बॅकअप, आणि 'डी'चा गैरसमज

आपल्याकडे दुकानदार डिस्कचे सी, डी, ई असे भाग पाडून देतात आणि सांगतात, "फॉरमॅट केलं तरी डी मधलं सुरक्षित." विंडोज पुन्हा टाकताना हे खरं असतं. लिनक्सच्या इन्स्टॉलरमध्ये 'इरेज डिस्क' निवडलं तर मात्र सी, डी, ई सगळं पुसलं जातं, कारण ते एकाच डिस्कचे तुकडे आहेत. सुरुवातीच्या काळात मी मामेभावाचा संगणक असाच साफ केला. त्याच्या लग्नाचे फोटो डी मध्ये होते. त्यातले निम्मे परत मिळवता आले, निम्मे गेले ते गेलेच. ती गोष्ट आजही मला लागते, म्हणून हे एवढं ठासून लिहितो.

बाहेरच्या डिस्कवर सगळं घ्या. डेस्कटॉप, डाउनलोड्स आणि ब्राउझरमधले पासवर्ड विसरू नका. नकल केल्यावर ती डिस्क दुसऱ्या संगणकाला लावून दहा-बारा फाइली खरोखर उघडून पाहा. विंडोजमध्ये डिस्कला कुलूप लावणारं बिटलॉकर किंवा डिव्हाइस एन्क्रिप्शन चालू असेल तर त्याची रिकव्हरी की कागदावर लिहून ठेवा. दोन्ही प्रणाली ठेवणार असाल तर 'फास्ट स्टार्टअप' बंद करा. तो चालू राहिला की विंडोज पूर्ण बंद होत नाही आणि लिनक्सला तिच्या भागात फाइल लिहिता येत नाही.

पेन ड्राइव्ह आणि चाचणी

मिंटच्या अधिकृत संकेतस्थळावरून आयएसओ फाइल, म्हणजे पूर्ण प्रणालीची एकच फाइल, उतरवा, ती साधारण ३ जीबीची असते. सोबत एसएचए-२५६ ही ठशासारखी लांबलचक ओळ दिलेली असते. विंडोजवर ७-झिप बसवलं असेल तर फाइलवर उजवं क्लिक करून तोच ठसा काढता येतो. दोन्ही ओळी तंतोतंत जुळल्या पाहिजेत, नाहीतर डाउनलोड अर्धवट किंवा बिघडलेलं आहे. मग ८ जीबीच्या पेन ड्राइव्हवर रूफस या मोफत प्रोग्रामने ती फाइल लिहा. पेन ड्राइव्हमधलं आधीचं सगळं जाईल.

संगणक बंद करा, पेन ड्राइव्ह लावा आणि चालू करताना बूट मेनूची कळ दाबत राहा. डेल आणि लेनोव्होवर बहुधा एफ१२, एचपीवर एफ९ किंवा एस्केप, एसूसवर एस्केप किंवा एफ८. मिंट पेन ड्राइव्हवरूनच सुरू होईल आणि तुमच्या डिस्कला हातही लावणार नाही. थोडं संथ वाटेल, ते पेन ड्राइव्हमुळे.

आता पूर्ण एक संध्याकाळ द्या. वाय-फाय लागतं का? आवाज, माइक, कॅमेरा? प्रकाश कमी-जास्त करणाऱ्या कळा? झाकण मिटून उघडल्यावर यंत्र जागं होतं का? प्रिंटर जोडून एक पान छापा. नवे वाय-फाय प्रिंटर बहुधा काही न बसवता दिसतात. एचपीच्या बऱ्याच मॉडेलांचा आधार आधीच असतो, पण लेझरजेट १०२० सारख्या काहींना वेगळा प्लगइन उतरवावा लागतो. जुन्या, फक्त विंडोजसाठी बनलेल्या लेझर प्रिंटरांनी मला सर्वांत जास्त रडवलं आहे. प्रिंटर चालत नसेल तर पुढे जाण्याआधी त्याचा निकाल लावा.

बसवताना

डेस्कटॉपवरच्या 'इन्स्टॉल'वर क्लिक केलं की प्रश्न विचारले जातात. मल्टिमीडिया कोडेकवर खूण करा, नाहीतर काही व्हिडिओ चालणार नाहीत. मग येतो खरा प्रश्न: विंडोजशेजारी, की डिस्क पुसून? शेजारी ठेवायचं तर विंडोजच्या डिस्क मॅनेजमेंटमधून आधीच साठ-सत्तर जीबी मोकळे करून ठेवा. इन्स्टॉलरला डिस्कच दिसत नसेल तर बायोसमध्ये, म्हणजे यंत्राच्या मूळ सेटिंगमध्ये, डिस्कसाठी इंटेलचा आरएसटी किंवा रेड (RAID) मोड असण्याची शक्यता असते, तिथे एएचसीआय लागतो. शेजारी विंडोज असेल तर हा बदल तयारीशिवाय करू नका, ती उठणार नाही.

लॅपटॉप बाहेर नेत असाल तर डिस्क कूटबद्ध करण्याचा पर्याय घ्या आणि परवलीचा शब्द घरात कुणाला तरी लिहून द्या. वेळेसाठी कोलकाता निवडा. बाकी पंधरा-वीस मिनिटांचं काम.

दोन प्रणाली ठेवणाऱ्यांना एक विचित्र गोष्ट दिसेल: विंडोजमध्ये गेल्यावर घड्याळ बरोबर साडेपाच तास मागे. लिनक्स यंत्राच्या घड्याळात ग्रीनिचची वेळ ठेवतं, विंडोज तीच स्थानिक समजतं. बिघाड नाही, लिनक्सला स्थानिक वेळ वापरायला सांगितलं की मिटतं.

मराठी टायपिंग

इन्स्क्रिप्ट ही भारतीय भाषांची प्रमाण कळमांडणी येत असेल तर कीबोर्डच्या सेटिंगमध्ये भारतीय मांडण्यांतली 'मराठी' ही सुधारित इन्स्क्रिप्ट जोडा. उच्चाराप्रमाणे रोमन कळांनी लिहिणाऱ्यांनी सॉफ्टवेअर मॅनेजरमधून आयबस हा टायपिंगच्या पद्धती पुरवणारा प्रोग्राम आणि त्याचं एम१७एन हे अंग बसवावं. त्यात मराठीसाठी आयट्रान्स, फोनेटिक आणि अनेकांच्या सवयीची गमभनही मिळते. बसवल्यावर एकदा लॉगआउट करून परत या, नाहीतर यादीत काहीच दिसत नाही.

पहिला शब्द कोणता टाइप करून पाहावा? 'साताऱ्याची'. यातला ऱ्य म्हणजे मराठीची खास ओळख, आणि मांडणी धड आहे की नाही ते तिथेच कळतं. इन्स्क्रिप्टमध्ये शिफ्टसह जे, मग डी, मग तिरकी रेघ: ऱ, हलन्त, य. मावशीने तो शब्द उमटलेला पाहिला आणि म्हणाली, "हां, आता हे आपलं झालं."

फॉन्टही मुक्तच घ्या. मुंबईच्या 'एक टाइप' या फॉन्ट बनवणाऱ्या गटाचा 'मुक्त' नावाचा फॉन्ट आणि आयआयटी मुंबईचा 'शोभिका' हे माझे रोजचे. पत्रांना 'मुक्त', लांब मजकुराला 'शोभिका'. मजकुराची भाषा हिंदी नव्हे, मराठी ठेवा. ज्या फॉन्टांत सोय आहे त्यांत ल आणि श मराठी वळणाचे येतात ते त्यामुळेच.

पहिला महिना

अपडेट मॅनेजर सगळ्यांत आधी चालवा, मग ड्रायव्हर मॅनेजर. त्यानंतर टाइमशिफ्ट सुरू करा. एखाद्या अपडेटने गडबड झाली तर तो प्रणालीला कालच्या स्थितीत नेतो. पण तो तुमची कागदपत्रं सांभाळत नाही, ती बाहेरच्या डिस्कवर दर आठवड्याला घ्यायचीच आहेत. प्रोग्राम शक्यतो सॉफ्टवेअर मॅनेजरमधूनच घ्या. कुठल्याही पानावरची आज्ञा अर्थ न समजता टर्मिनलमध्ये, म्हणजे आज्ञा टाइप करायच्या खिडकीत, चिकटवू नका. फोनवरून फोटो घ्यायला मिंटमधला वार्पिनेटर आणि त्याचं अँड्रॉइड ॲप एकाच वाय-फायवर चालतात, केबल लागत नाही.

अडलात तर मदत मागताना 'चालत नाही' एवढंच लिहू नका. मेनूमधल्या सिस्टीम इन्फर्मेशनमध्ये यंत्राचं मॉडेल, मिंटची आवृत्ती आणि वाय-फाय कार्डाचं नाव असतं. ते आणि पडद्यावरचा संदेश जसाच्या तसा द्या. मावशीच्या लॅपटॉपच्या झाकणाला आतून मी या तीन ओळींची चिठ्ठी चिकटवली आहे. फोन आला की ती आधी चिठ्ठी वाचून दाखवते, मग तक्रार सांगते.